दरडीतले वेडे राघू

निवृत्तीनंतर आम्ही ठाण्याहून पनवेलला आलो, ते गाढी नदीच्या काठावरच्या एका सोसायटीत. टपाल खात्यात इतकी वर्षं काढल्यावर रिकामं बसणं मला जमेना, म्हणून सोसायटीच्या बाग समितीचं काम मी अंगावर घेतलं. आमच्या इमारतींच्या मागे, नदीच्या बाजूला, सोसायटीच्याच मालकीची एक लांबट पट्टी होती. तिथे पुरुषभर उंचीची मातीची दरड, वर रुई, एरंड आणि काटेरी झुडपं. मला ते रूप बघवत नसे. दरड सपाट करून लॉन करायचं, कडेने चालायला ट्रॅक, चार बाकं, असा आराखडा मी स्वतः काढला आणि घरोघरी फिरून सगळ्यांच्या गळी उतरवला.

एप्रिलमधल्या एका सकाळी जेसीबी आला. मी आराखडा हातात धरून ऐटीत उभी होते. मशीनचा पंजा दरडीला लागणार, तेवढ्यात मागून आरोळी आली, "ए, थांबव ते! आत पोरं हायत!"

ड्रायव्हरने घाबरून इंजिन बंद केलं. ओरडली होती ती आमच्या फाटकापाशी भाजी विकायला बसणारी मावशी. शेजारच्याच गावातली, माझ्याच वयाची. पाटी तशीच टाकून ती धावत आली होती.

"कुठे आहेत पोरं?" मी विचारलं.

"त्या बिलात. बग ना ताई नीट."

दरडीत हाताची मूठ जाईल एवढी भोकं होती. उंदरांची असतील, असं मी समजत होते. मावशीने माझा हात धरून मला खाली बसवलं. दोनच मिनिटांत चिमणीएवढा एक हिरवागार पक्षी चोचीत चतुर घेऊन आला, एरंडाच्या फांदीवर त्याने तो दोनदा आपटला आणि सरळ भोकात शिरला. आतून बारीक किलबिल ऐकू आली.

"वेडे राघू," मावशी म्हणाली. "इथं आमचं भातशेत होतं, तवापासून येतात. आमी बांधाला हात नाय लावायचो या दिवसांत."

मी मोजलं, तर अशी सात भोकं होती. त्या आराखड्यावर मी किती प्रेमाने रेघा मारल्या होत्या! सातही घरं त्या रेघांखाली आली होती. ड्रायव्हरला मी परत पाठवलं. तो जाताना हसून म्हणाला, "बरं झालं मॅडम, पाप टळलं."

संध्याकाळच्या सभेत मात्र कोणी हसलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त इंजिनिअर काका उभे राहिले. "अहो, तुम्हीच दोन महिने आमच्या मागे लागला होतात. आता पाखरांसाठी लॉन रद्द?"

"हो," मी म्हणाले. "माझं चुकलं. मी न बघताच आराखडा केला. उद्या सकाळी सात वाजता दहा मिनिटं दरडीपाशी या. मग तुम्ही म्हणाल ते."

सकाळी काका आले, क्रिकेट बघायची दुर्बीण घेऊन. दहा मिनिटांसाठी आलेला माणूस नऊ वाजेपर्यंत हलला नाही. त्यांच्या बायकोला चहा तिथेच आणून द्यावा लागला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या. भटकी कुत्री बिळं उकरू नयेत म्हणून आम्ही बांबू रोवून दोरी बांधली. मुलांनी आपण होऊन क्रिकेट पुढच्या अंगणात नेलं. मावशी रोज भाजी मांडायच्या आधी एक फेरी मारून जाई.

मेच्या सुरुवातीला, भर दुपारी, राडारोड्याने भरलेला एक ट्रक नदीच्या बाजूने मागे मागे येत दरडीच्या डोक्यावर पोचला. मी खिडकीतून बघितलं आणि तशीच स्वयंपाकाच्या हाताने खाली पळाले. पळताना प्रत्येक मजल्यावरची बेल दाबली. मी पोचले तेव्हा काका ट्रकच्या मागे हात पसरून उभे होते.

"काका, बाजूला व्हा," ट्रकवाला म्हणाला. "मोकळीच जागा आहे ना ही?"

"मोकळी नाही," काका गरजले, "इथे सात कुटुंबं राहतात!"

तोवर आम्ही पंचवीसतीस बायामाणसं भोवती जमलो होतो. मावशी ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "भाऊ, तुज्या घरावर कुनी माती टाकली तर चालंल काय?" त्याने दरडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि गिअर टाकून भरलेला ट्रक तसाच घेऊन निघून गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. स्वतःसाठीच, दुसरं कोण होतं वाजवायला!

पुढच्याच आठवड्यात, एका रविवारी, पिल्लं बाहेर आली. फिक्या हिरव्या रंगाची, शेपटीची लांब काडी अजून न फुटलेली. पहिलं पिल्लू बिळाच्या तोंडाशी बराच वेळ बसलं. वर गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. मग ते उडालं, धडपडत रुईवर बसलं. पाठोपाठ दुसरं. मावशीने माझा दंड घट्ट आवळला होता. काका दुर्बीण डोळ्यांवरून काढेनात, कारण डोळे पुसायचे राहिले होते.

वार्षिक सभेत लॉनचा ठराव रद्द करायला मीच उभी राहिले आणि सगळे हात वर झाले. दरड आहे तशी ठेवायची, झुडपं तोडायची नाहीत, चालायचा ट्रॅक पुढच्या बाजूने काढायचा, असं लिहून घेतलं. यंदा दरडीत अकरा बिळं आहेत. पलीकडच्या सोसायटीतल्या बायका परवा विचारायला आल्या, आमच्या काठावर काय लावावं? मी त्यांना म्हटलं, आधी महिनाभर काही लावू नका. सकाळी उठून नुसतं बघत बसा.