तीस दिवसांची सवय

खुमेंद्र रहांगडाले मुर्रीहून सायकलने गोंदियाच्या राइस मिलमध्ये यायला लागला ते १९९९ साल. मिलमधल्या पहिल्या कम्प्युटरवरचं कापड काढायचा मान त्याचा होता. पुढे कम्प्युटर चौदा झाले, एकमेकांशी जोडले गेले, आणि खुमेंद्र 'सिस्टीमवाला' झाला. कोणी शिकवलं नव्हतं. काही बिघडलं की तो समोर बसून राहायचा, गाय व्यायला झाली की माणूस गोठ्यात बसतो तसा. बहुतेक वेळा काहीतरी व्हायचं.

२०१२च्या दिवाळीनंतर मिलमालक दुलीचंद शेठनी नागपूरहून नवं सॉफ्टवेअर आणवलं. ते तीस दिवस नुसतं बघणार होतं: कोणता कम्प्युटर कधी उघडतो, काय वाचतो, कुठे पाठवतो. एकतिसाव्या दिवसापासून सवयीबाहेरचं जे दिसेल ते अडवणार. खुमेंद्रने भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते सुरू केलं आणि विसरून गेला.

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी त्याच्या पडद्यावर लाल पट्टी आली. सॉफ्टवेअरने कारकून रविता कापगतेचा कम्प्युटर अडवला होता. धानाच्या भावाचे दोनशे कागद ती मिलच्याच सडक अर्जुनीच्या गोदामातल्या मुनीमाच्या स्वतःच्या ईमेलवर पाठवत होती.

"भाव बाहर जा रहा है," शेठ म्हणाले. "शाम तक बताओ, लड़की चोर है कि नहीं. फिर पुलिस को मैं देखता हूँ."

रविता त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "खुमेंद्रभाऊ, मी तं रोजचंच काम करून राहिली होती. गोदामाचं वेगळं ईमेल हाये कुठं? माझाच कम्प्युटर मले कायले अडवते?"

"रोज पाठवतेस?"

"तीन साल झाले. तुमाले मायीत नाही?"

त्याला माहीत नव्हतं. तीन वर्षं तो तिच्यापासून चार टेबलं दूर बसत होता.

त्याने तिच्या तीस दिवसांची नोंद उघडली. सकाळी दहाला कम्प्युटर सुरू, मग पत्त्यांचा खेळ, दुपारी पुन्हा पत्ते, पाचला बंद. भावाचा एकही कागद नाही. रविता पत्ते खेळते? तो तिच्याकडे बघत राहिला. खेळतही असेल. माणसाचं काय सांगावं. मग उगाचच त्याने स्वतःची नोंद उघडली. तीन दिवस त्याच्या कम्प्युटरवर कोणीतरी मोटारसायकलींची चित्रं बघत होतं. खुमेंद्रला मोटारसायकल चालवता येत नव्हती. क्षणभर त्याला खरंच वाटलं, आपण बघितली असतील.

मग त्याने तारखा वाचल्या. ते तीन दिवस मुर्रीच्या मंडईचे होते.

दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. पाहुणे येतात, रात्रभर दंडारीचं नाचगाणं होतं. तेव्हा नोकरीवर कोण थांबतो? ज्याचा कम्प्युटर उघडला त्याची हजेरी, ही सोय खुमेंद्रनेच करून दिली होती. म्हणून जाणारा आपला पासवर्ड शेजाऱ्याला सांगून जायचा. रविताची माहेरची मंडई, सासरची, दोन बहिणींची, मध्ये धानाची कापणी. बावीस दिवस ती नव्हतीच; उरलेले आठ रविवार आणि सुट्यांचे, मिलच बंद.

त्याने दोघांच्या मधल्या टेबलावर बसणाऱ्या नंदलालला गाठलं. "रविताच्या कम्प्युटरवर पत्ते तू खेळत होतास?"

"मंग हजेरी लावून भजन म्हनू का गा? तिच्या खुर्चीवर उन्ह येते चांगलं."

"अन् माझ्या?"

"तिथंबी मीच." नंदलाल हसायचा थांबला. "शेठले सांगशील तं पहिले तूच जाशील. ध्यानात ठेव."

संध्याकाळी तो शेठसमोर उभा राहिला. यंत्र चुकलं म्हणावं, तर ते चुकलं नव्हतं. जे पाहिलं तेच ते शिकलं. रविता निर्दोष म्हणावं, तर ती रोज काय करते ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"मशीनने रविताला पाहिलंच नाही," तो म्हणाला. "तिच्या खुर्चीत नंदलालला पाहिलं."

"तो रविता कहाँ थी?"

"मंडईत."

"और तुम?"

"मीबी, शेठ."

शेठनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "पुलिस नहीं. लड़की को काम करने दो. सोमवार से तुम सड़क अर्जुनी, धान तौलने के काँटे पर. सिस्टम नागपुरवाले देखेंगे."

खुमेंद्र टेबलाशी परतला. रविताचा कम्प्युटर सोडायला गेला, तर पडद्यावर प्रश्न आला: हे वागणं नेहमीचं आहे का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

रविता मागे उभी होती. तिने आभार मानले नाहीत. बावीस दिवसांची गैरहजेरी आता तिच्याही माथी बसणार होती.

"दाबा ना भाऊ. तिकडं गोदामात भावासाठी ट्रक उभे हायेत."

त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. ती थकलेली दिसत होती, आणखी काही कळत नव्हतं. त्याने हो दाबलं. दोनशे कागद निघून गेले.