सॉरी, तेही हसून

मॅडमनं हातातलं पेन माझ्या हनुवटीखाली लावलं आणि माझं तोंड वर केलं. बाजारात म्हशीचं तोंड उचलून बघतात तसं.

"मुस्कान कहाँ है? हाँ? मुस्कान?"

हॉलभर बायका. सगळ्या जवानांच्या बायका. वर्धापनदिनाला साहेब लोकांपुढं आम्ही नाचायचं होतं. नाच मॅडमनं निवडलेला. मी पहिल्या रांगेत, कारण रंगानं उजळ. पायात घुंगरू. आणि माझ्या बापाचं बारावंही झालं नव्हतं.

वडील कबनूरला यंत्रमागावर कामाला होते. उभा जन्म त्या खटखटाटात गेला आणि त्यात कानही गेले. फोनवर ओरडून बोलायचे. शेवटचा फोनसुद्धा ओरडूनच. "येतीस न्हवं गं? ये की लवकर!" मी म्हटलं, येते आबा. पण युनिट तिकडं देशाच्या पार वरच्या टोकाला. मातीला पोचणं शक्यच नव्हतं. निदान बाराव्याला तरी जावं म्हणून मालकांनी सुट्टी मागितली. नवऱ्याला आमच्याकडं मालक म्हणतात. मालक लान्स नाईक होते, बाहीवर एक फीत. उत्तर आलं, कार्यक्रम झाला की जा, तुझी बायको पहिल्या रांगेत आहे.

मी खाली वाकले. घुंगरू सोडले आणि फरशीवर ठेवले.

"मॅडम, मेरे पिताजी गुज़र गए हैं. मैं नहीं नाचूँगी."

बंडबिंड काही नव्हतं त्यात. बापासाठी रडायला मला एक कोपरा हवा होता, एवढंच.

मॅडम म्हणजे कर्नलसाहेबांच्या पत्नी. त्या ओरडल्या नाहीत. बाजूच्या बाईला फक्त म्हणाल्या, "किसकी वाइफ है ये?"

माझं नाव कुणी विचारलं नाही. त्यांना नवऱ्याचं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मालक समोरच्या मैदानात धावत होते. पाठीवर वाळूनं भरलेली पिशवी. पिठ्ठू म्हणतात तिला. मैदान क्वार्टरच्या समोरच. आम्हा बायकांना दिसावं म्हणूनच ते मैदान निवडलं असणार. पोरीला कडेवर घेऊन मी गॅलरीत उभी. मालक एकदा पडले, उठले, परत धावले. शेजारच्या गॅलरीतली बाई आत गेली. तिनं दार लावून घेतलं.

सैन्यात मी नव्हते. शपथ मी घेतली नव्हती. पगार मला नव्हता. शब्द मी मोडला आणि वाळू त्यांच्या पाठीवर. शिस्त मला कळत नाही असं नाही. सीमेवर हुकूम मोडला तर माणसं मरतात, हे मला कळतं. पण माझ्या घुंगरांवर कुठल्या देशाची सीमा अडली होती?

मालक घरी आले. खांदे पट्ट्यांनी सोललेले. मी हळद लावत होते आणि ते भिंतीकडं बघत म्हणाले, "मॅडमनी सांगितलंय, समद्यांफुडं सॉरी म्हण. मंग मिटलं."

"माझं चुकलं काय, सांगा की."

"चुकायचं काय असतंय त्यात? शिस्त हाय ही."

मी हळद लावत राहिले. तर हा माणूस, ज्यानं उभ्या जन्मात घरच्या बाईपुढं मान वाकवली नव्हती, सोललेल्या खांद्यांनिशी वाकला आणि त्यानं माझ्या पायाला हात लावला. "तुज्या पाया पडतो. येवढं कर. माझं परमोशन हाय फुडं."

मी फुटले. काळीज तुटणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. म्हटलं, उठा. म्हणते मी सॉरी.

आणि खरं सांगते, मी सॉरी म्हणायलाच गेले होते. पुढच्या मीटिंगला मला समोर बोलावलं, हातात माइक दिला. शब्द तोंडात तयार होता. तेवढ्यात मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "मुस्कुरा के बोलो. फोटो ले रहे हैं."

फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून उभा. मी प्रयत्न केला. देवाशपथ, ओठ ताणून बघितले. नाही आलं हसू. आबांचं "येतीस न्हवं गं" ऐकू आलं आणि आतून काहीतरी वर आलं.

"गलती मेरी है तो सज़ा मुझे दो. मेरे आदमी ने क्या किया है?"

कुणीतरी माइक बंद केला. पण मी बहिऱ्या बापाची लेक. आमच्या घरात लहानपणापासून सगळे ओरडूनच बोलायचे. माइक ठेवला आणि मराठीत ओरडले, "माझा बाप मेलाय! मी हसणार न्हाय!"

हॉलमध्ये एकही बाई हलली नाही.

मग मालकांना टोपी आणि पट्टा उतरवून साहेबांपुढं उभं केलं. तक्रार बाईची आणि न्याय करायला तिचाच नवरा. फीत काढायचा हुकूम देताना साहेब एवढंच म्हणाले, "बीवी नहीं सँभलती, जवान क्या सँभालेगा?" जवानाच्या बायकोला नाचवणं हा कुठल्या कायद्यातला हुकूम, हे कुणी विचारलं नाही. मालकांनीही नाही. ते "यस सर" म्हणाले.

घरी येऊन त्यांनी वर्दीचा शर्ट माझ्यापुढं टाकला. "उसव."

मीच उसवली फीत. कात्रीच्या टोकानं, एकेक टाका. खालचं कापड गडद राहिलं होतं, बाकी बाही उन्हानं विटलेली. फीत गेली तरी तिची जागा दिसत होती.

ती फीत परत मिळालीच नाही. मालक शिपाई म्हणून रिटायर झाले. गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. हलगी, फटाके, औक्षण. चौकात हा मोठा फलक, त्यावर त्यांच्या नावापुढं "हवालदार". दिरांनी छापून घेतलेला. मालकांनी तो वाचला आणि मान खाली घातली. फोटोवाला मला म्हणाला, "हसा की वैनी!"

मी नाही हसले.

घरी आल्यावर मालक म्हणाले, "तुज्यामुळं गेलं समदं. आज खरा हवालदार असतो."

"माझ्यामुळं न्हाय. ज्यानं फीत काढली त्येचं नाव घ्या की एकदा. घरात तरी घ्या."

त्यांनी नाही घेतलं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ज्यांनी धावायला लावलं त्यांना अजून "साहेब" म्हणतात आणि राग माझ्यावर काढतात. मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

सकाळी मी शिडी लावली आणि फलक उतरवला. दीर धावत आले. "वैनी, काय करताय? गाव बघतंय!"

"बघू दे. शिपाई लिवा, मग लावा."

आता आम्ही राजारामपुरीत राहतो. मालक एका दवाखान्याच्या दारात सिक्युरिटीला बसतात. कुणी विचारतं, पावणं, फौजेत काय होता? ते म्हणतात, हवालदार. डबा द्यायला गेलेली मी तिथं असले तर तिथंच सांगते, शिपाई. फीत काढली त्यांची. का काढली, ते ऐकून जावा.

मालक उठून आत जातात. ज्या खांद्यांना मी हळद लावली ते माझ्याकडं पाठ करून जातात. दर वेळी जीव तुटतो माझा.

तरी सांगते. सांगणार. ते ऐकत असले तरी, नसले तरी. सॉरी मी म्हटलं नाही आणि म्हणणार नाही. हसून तर नाहीच.