वीस किलो आठशे

ही गोष्ट सांगायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. विसरलो होतो म्हणून नव्हे. विषय निघाला की मी एक तर उठून बाहेर जायचो, नाहीतर दुसरीच गोष्ट सांगायचो, जी इचोड्याच्या बाजारात आता सगळ्यांना पाठ आहे: माझ्या मापाड्याने वजनांत शिसं भरलं, म्हणून मी त्याला कामावरून काढलं. गेल्या उन्हाळ्यात तो मापाडी वारला. रस्त्यावरच्या हॉटेलात बातमी आली तेव्हा शेजारचा व्यापारी चहा फुंकत म्हणाला, "माणूस चांगला होता, पण हाताचा खोटा." बाकड्यावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

तो हाताचा खोटा नव्हता. शिसं मी भरलं होतं. एवढं लिहायला मला त्यानंतर एक पावसाळा आणि कापसाचा एक अख्खा हंगाम लागला. कसं झालं ते आता सांगतो. मध्येच कुणाला माझी दया येऊ लागली, तर त्याने वाचणं तिथेच थांबवावं.

माझं कापूस-ज्वारीच्या खरेदीचं दुकान. मागे कापूस ठेवायची लांबट खोली. इलेक्ट्रॉनिक काटा आला तसा जुना काटा उतरवला, आणि त्याची लोखंडी वजनं, पाचची, दहाची आणि वीसची चार, त्या खोलीच्या कोपऱ्यात बारदान्याखाली गेली. तिथे ती वर्षानुवर्षं पडून होती. विकली का नाहीत, तर भंगारवाला कोणतीही वस्तू पहिल्यांदा आपल्या काट्यावर ठेवतो. वीस किलो असं कोरलेलं लोखंड त्याच्या काट्यावर वीस भरलं नसतं.

माझी सून नार्नूरकडची. दुसऱ्या बाळंतपणाच्या ऑपरेशननंतर तिची कंबर धरायची. आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईने तिला सांगितलं, गोळ्या पुरे झाल्या, अंगात ताकद आणा, वजनं उचला. इचोड्यात जिम होती, पण तिथे पोट्टे आरशात आपलेच दंड पाहत उभे. तिने मला विचारलं.

"मामाजी, मागच्या खोलीत ते वजनं तसेच पडले हायेत. मी घेऊ का?"

"नाही."

"काऊन?"

"भंगारात द्यायचे हायेत."

"भंगारवाला दर हप्त्याले दारावरून जाते. त्याले आवाज देऊ का मंग?"

मी ताटावरून उठलो. ती हसली असावी. त्या दिवसापासून मला तिचा राग येऊ लागला. तो राग खरा भीतीचा होता, पण भीती मी कबूल करणार नव्हतो.

मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार दिवस आदिलाबादला राहिलो, तेवढ्यात तिने खोली झाडली. परत आलो तर खोलीत जिम. डोळ्यावर हिरवी पट्टी होती, तरी दुसऱ्या डोळ्याने सगळं दिसलं. बोअरमधून काढलेली जुनी लोखंडी नळी तिने घासून तिचा बार केला होता. वजनांच्या मुठींत दोरी ओवून ती नळीला अडकवायची सोय होती. विहीर बुजवली तेव्हा काढून ठेवलेली, दोर ओढायची गडगडी वाशाला बांधली होती. ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून खिळ्याला टांगल्या होत्या, ताणायला. खाली चार पदरी बारदाना, म्हणजे वजन ठेवलं तरी फरशी फुटू नये. बसायला तुटक्या तखताची फळी, चार विटांवर. विकत आणलं होतं ते फक्त नायलॉनची दोरी आणि दोन हूक.

आणि हे सगळं ती राखायचीही. मला वाटलं होतं, आठ दिवसांचं खूळ आहे. पण दर रविवारी ती गाडीच्या जळक्या तेलात चिंधी बुडवून एकेक वजन पुसायची, पावसाळ्यात दोनदा. दोरी उंदीर कुरतडतात म्हणून ती रोज काढून उंच खिळ्याला टांगायची. ट्यूबला चीर दिसली की पट्टी कापून आखूड करायची आणि दुसऱ्या व्यायामाला लावायची. तिच्या शिस्तीचा मला विशेष संताप यायचा. माझ्या दुकानात तशी शिस्त फक्त एका माणसाने राखली होती, आणि तो आता तलमडुगूकडे आपल्या गावी बकऱ्या राखत होता.

मी त्रास दिला. खोलीचा दिवा बंद केला. लोखंड आपटलं की ओरडलो, "बाईमाणसाचं घर हाय का आखाडा?" एकदा हूक उचलून माझ्या पेटीत टाकले. संध्याकाळी ती दारात उभी.

"मामाजी, हूक तुमच्या पेटीत झोपले का? झोप झाली असन तर पाठवा."

माझा मुलगा खाली मान घालून जेवत होता. त्याचे खांदे हलत होते. मी हूक फेकले.

पाच-सहा महिन्यांत ती पाचावरून दहावर गेली. मग एक दिवस तिने वीसची दोन वजनं नळीला दोन टोकांना लावली आणि नळी खांद्यावर घेतली. मी खिडकीतून पाहत होतो. नळी उजवीकडे झुकली. तिने ठेवली, पुन्हा घेतली. पुन्हा उजवीकडे.

"मामाजी, पाहा बरं, माहे पाय बरोबर हायेत का? नळी इकडंच जाते."

मला काहीच बोलायचं नव्हतं. तरी तोंडातून वाक्य निघालं, आणि तयारच होतं, जणू ठेवणीतून काढलं.

"तुह्या उजव्या खांद्यात दम नाही."

तिने ऐकलं. महिनाभर ती उजव्या खांद्याचा वेगळा व्यायाम करत राहिली. ट्यूब ताणत होती, दात खात होती. रात्री खांद्याला तेल लावायची.

ते वाक्य मी आधी एकदा वापरलं होतं.

मापाडी माझ्याकडे वीस वर्षं होता. माझ्याच वयाचा, अंगाने सडपातळ, पण वीसची दोन वजनं दोन हातांत पाण्याच्या बादल्यांसारखी घेऊन तो बोलत बोलत चालायचा. बायाबापड्यांनी पाहावं म्हणून मुद्दाम बाजारच्या बाजूने जायचा. त्याला आपल्या हातांचा माज होता. तेवढी एकच मिजास होती त्याच्याकडे.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी चारपैकी तीन वजनं परगावच्या लोहाराकडे नेली. प्रत्येक वजनाच्या बुडाला शिशाने बुजवलेलं भोक असतं. ते मोठं करून त्याने आत शिसं ओतलं. वीसचं वजन वीस किलो आठशे झालं. चौथं मी तसंच ठेवलं, एखादा शेतकरी भांडायला उठला तर त्याच्यापुढे करायला. त्यातून किती मिळालं ते इथे लिहीत नाही. कापूस आणणाऱ्यांचा मी चोर आहे, आणि ते लोक व्यापाऱ्याला पहिल्या दिवसापासून चोरच समजत आले आहेत. त्यांना मी लुटलं, पण फसवलं असं पूर्ण म्हणता येत नाही, कारण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवलाच नव्हता. ठेवला होता तो मापाड्याने.

हंगाम सुरू झाला त्याच दिवशी दुपारी तो माझ्यापाशी आला.

"शेट, वजनं जड लागून राह्यले."

"काय?"

"वीसचे. एक सोडून बाकीचे. काही तरी झालं त्यायले."

दुकानात दहा-बारा माणसं बसलेली. मी हसलो. "वजनाले काय होते बे? वजन काय जेवते? तुह्या हातात दम नाही राह्यला. वय झालं."

सगळे हसले. तोही हसला, थोडा उशिरा. मग तळहात पाहत परत गेला.

त्यानंतर त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच म्हणालो, जरा मोठ्याने. पुढे त्याने विचारलंच नाही. तो दवाखान्यात जाऊन रक्त तपासून आला. कुणी वैदू सांगितला, त्याचं तेल चोळू लागला. दुकानात त्या तेलाचा वास यायचा आणि मी त्याला त्यावरूनही बोलायचो. हळूहळू त्याने दोन हातांत दोन वजनं घेणं सोडलं. एकच घ्यायचा, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. हातांनी खरं सांगितलं होतं. त्याने हातांचं ऐकायचं सोडून माझं ऐकलं.

हंगाम संपताना तो म्हणाला, "शेट, आता माह्यानं होत नाही. दुसरा पाहा." मी त्याला टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. चार माणसांत त्याच्या इमानदारीबद्दल बोललो. तो खाली पाहत होता. पुढच्या वर्षी इलेक्ट्रॉनिक काटा आला.

सूनबाईचा खांदा महिनाभरात सुधारला नाही, कारण त्याला काही झालंच नव्हतं. ती माझ्यापेक्षा हुशार निघाली, आणि मापाड्यापेक्षा हट्टी. तिने स्वतःला बाजूला केलं. ज्या कडीला आमचा जुना काटा लटकायचा, त्याच कडीला तिने नळी मधोमध बांधून टांगली आणि दोन्ही टोकांना तीच दोन वजनं लावली. आता तिथे खांदा नव्हता, माणूसच नव्हतं. नळी उजवीकडे गेली.

मी जेवत होतो. तिने वजन आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलं, उलटं. बुडाचं शिसं तिने खिळ्याने खरवडलं होतं.

"दुकानच्या काट्यावर ठेवून पाह्यलं. वीस किलो आठशे. हे कोणं भरलं, मामाजी?"

मुलगाही समोर होता. मला विचार करायला वेळ लागला नाही, आणि याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

"मापाड्यानं. म्हणून तर काढलं त्याले. त्याची इज्जत जाऊ नये म्हणून बोललो नाही इतके वर्सं."

मुलाने ते दुसऱ्याच दिवशी बाजारात सांगितलं. माझा मोठेपणा म्हणून सांगितलं. आठ दिवसांत ते तलमडुगूला पोचलं.

मापाडी बसने आला. नमस्कार केला नाही. मला वाटलं भांडेल, चार माणसं जमवेल. तो थेट मागच्या खोलीत गेला. सूनबाई तिथे होती, मी मागोमाग गेलो.

"बाई, कोणते हायेत ते?"

तिने दाखवली. त्याने एक वजन कलतं करून बुडाच्या शिशावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे जडच होते?"

"हो काका. आठशे ग्रामनं. तिन्ही."

"एक सोडून बाकीचे," तो म्हणाला.

मग तो वाकला, एकेका हातात एकेक वजन घेतलं, आणि खोलीच्या त्या टोकापर्यंत चालत गेला. सत्तरीला टेकलेला माणूस. हात नळीसारखे सरळ खाली सोडलेले, बादल्या नेल्यासारखे. परत येऊन त्याने वजनं बारदान्यावर ठेवली, आवाज न करता. चोरीचा शब्द त्याने काढलाच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "सांगत होतो न शेट, जड लागून राह्यले म्हणून."

मी म्हणालो, "चहा घेऊन जा."

"तुमीच घ्या," तो म्हणाला आणि बसकडे निघाला.

सूनबाईने ती वजनं जागेवर सरकवली. मग म्हणाली, "मले खांद्यात दम नाही म्हणलं होतं तुमी. त्यायले काय म्हणलं होतं?"

मी बारदान्याची घडी सरळ करू लागलो. तिला उत्तर मिळालं.

"मी बोलली तर तुमच्या लेकानं बाजारात तोंड कसं दाखवाचं? तुमी केलं, तुमीच सांगा. तोवर माह्यासंग बोलू नका."

दुसऱ्या दिवशी तिने पांढऱ्या रंगाने तिन्ही वजनांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: २०.८००. रंग उडाला की ती पुन्हा गिरवते. अजूनही.

ताट ती वेळेवर वाढत राहिली. बोलली नाही. तीन महिन्यांनी मी तलमडुगूची बस धरली. वाक्य पाठ केलं होतं: शिसं मी भरलं, तुझे हात बरोबर होते, मी चार माणसांत सांगतो. बसभर घोकत गेलो. उतरल्यावरही ओठ हलत होते.

तो दारात बाजेवर बसला होता. त्याने पाणी दिलं. बाजेवर सरकून जागा केली. मी बसलो. समोर त्याचे हात होते, गुडघ्यांवर पालथे ठेवलेले.

"बोला शेट."

"सूनबाईनं बोलावलं तुले," मी म्हणालो. "गडगडीच्या दोरीची गाठ सैल पडते. काट्याची गाठ तुह्यासारखी कोणाले येत नाही."

तिने असं काही म्हटलं नव्हतं. तिची गाठ चांगली घट्ट होती.

मी प्यायलेला पेला त्याने उचलला, अंगणात उरलेलं पाणी फेकलं, आणि विचारलं, "इतकंच सांगाले आले का, शेट? तलमडुगूपर्यंत?"

मी म्हणालो, "हो. इतकंच."