माघातला चुना

आमच्याकडे घराला बाहेरून चुना दोनच वेळा लागतो. एक दसऱ्याच्या आधी, आणि दुसरा घरात लगीन निघालं की. मी माघात लावला. घर माझं, भिंत माझी, चुना माझा, कधी लावायचा ते मी ठरवणार. पण गावानं त्यावरून जे काय केलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा बोलतो तसंच लिहितो.

चाकूरच्या पुढं आमचं गाव. घर भर रस्त्याला, माझ्या देखरेखीखाली बांधलेलं. शेजारचा ओढा पावसाळ्यात अंगणापर्यंत चढतो म्हणून जोतं छातीइतकं उंच घेतलं. त्या जोत्यानं घर वाचलं, पण आमच्या म्हातारीचे, म्हणजे बायकोचे, गुडघे गेले. पायरी चढताना ती भिंतीला हात लावायची आणि माझ्याकडं असं बघायची की ओढाही मीच आणलाय.

लेक लातूरला दिलेली. तिच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या. इथलं घर विकल्याशिवाय त्या घेता येत नव्हत्या. मुलगा नांदेडला नोकरीला, तो म्हणाला, "आप्पा, तुमचं तुमी ठरवा." मी ठरवायच्या आधीच म्हातारीनं ठरवलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "पाडव्याच्या आत मला लातूरला न्या. न्हाई तर मी एकटीच यष्टीत बसते. तुमी बसा इथं जोत्यावर."

ती बसली असती. मी तिला ओळखतो.

चाकूरहून एक दलाल बोलावला. गावाला कळू द्यायचं नाही असं बजावलं होतं. तो आला, मोटारसायकलवरून खाली उतरलाच नाही. बसल्या बसल्या घराकडं बघितलं आणि म्हणाला, "आप्पा, समोरून पार पडीक दिसायलंय. गिऱ्हाईक पायरीला पाय लावणार न्हाई. आणि भितीवर मोठ्ठं लिवा, घर विकणे आहे, खाली फोन नंबर."

"माझ्या भितीवर असलं काई लिवायचं न्हाई."

"मग लोकायला कळायचं कसं?"

"ते तुजं काम."

तो हसला आणि गाडी वळवून गेला. आमच्या गावात भिंतीवर तसं लिहिलं की लोक एकच अर्थ काढतात, हा बुडाला. मी कुणाचं देणं लागत नव्हतो. पण त्याचं एक बोलणं मला लागलं होतं. पडीक! दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराच्या तोंडाला हात घातला.

आधी कठड्याच्या भेगेत उगवलेला पिंपळ मुळासकट काढला. दाराशेजारचा उकिरडा परसात नेला. ओट्यावरचा गंजका पत्रा उतरवला, तर सगळा उजेड घरात आला. भिंतीचे पोपडे खरवडून काढले, जिथं माती दिसत होती तिथं गिलावा भरला. पायऱ्या फार उभ्या होत्या, गवंडी लावून त्या फोडल्या आणि बुटक्या, रुंद करून घेतल्या. हे बघून म्हातारी दारात येऊन उभी राहिली.

"मी जलमभर चढले तवा सुचलं न्हाई. आता परका चढणार म्हणून पायऱ्या बुटक्या झाल्या व्हय?"

"तवा तुजे गुडघे चांगले हुते."

"ते ह्याच पायऱ्यांनी खाल्ले."

गवंडी खाली मान घालून हसत होता. मी त्याला सिमेंट कालवायला सांगितलं.

रंगाचं मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. आजकाल ज्यानं त्यानं पोपटी नाही तर गुलाबी डबा आणायचा, आणि दोन उन्हाळ्यांत भिंत आजारी माणसासारखी दिसायची. मी कळीचा चुना आणला, पिपात भिजवला. फसफस आवाज करत तो उकळला, निवाला, मग कापडातून गाळून त्यात डिंक आणि थोडी नीळ घातली. एक हात उभा, एक हात आडवा. खालच्या बाजूला कावेचा लाल पट्टा. दार-चौकटीला जवसाचं तेल. सगळं झाल्यावर रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. उन्हात बघवत नव्हतं इतकं घर पांढरं झालं होतं. मनात म्हणालो, आता म्हण पडीक.

त्याच संध्याकाळी शेजारचा म्हातारा ओट्यावर येऊन टेकला. माझ्याच वयाचा, दुसऱ्याच्या घरातली बातमी त्याला आधी कळते.

"आप्पा, कुनाचं?"

"काय कुनाचं?"

"लगीन. लपवू नका. माघात कोन चुना लावतंय?"

"मी लावतोय."

"हाव, हाव," म्हणाला, डोळा बारीक केला आणि उठून गेला. सकाळपर्यंत गावात ठरलं, नांदेडला शिकत असलेल्या माझ्या नातीचं लगीन निघालं आहे.

मी नाही म्हटलं तर लोक समजायचे, अजून बोलणी पक्की नाहीत म्हणून आप्पा बोलत नाही. गप्प बसलो तर समजायचे, पक्की झाली. लग्नाची नावं रंगवणारा पेंटर डबे घेऊन दारात आला. समोरची कोरी भिंत बघून त्याला राहवेना. "नवरा-नवरीचं नाव सांगा, आप्पा. गणपती फुकट काडून देतो." त्याला चहा पाजून वाटेला लावला. मग नातीचाच फोन आला.

"आप्पा, माझं लगीन ठरलं म्हणे! मला न सांगता?"

"कुनी सांगितलं?"

"मैत्रिणीच्या मावशीनं. नवरा काय करतो ते तरी सांगा."

"चुना लावतो," म्हणालो. ती इतकी हसली की मलाच फोन ठेवावा लागला.

पण दिवस चालले होते. पांढरं घर बघून दारात येणारे सगळे पोरगी मागायला येत होते, आणि घर विकायचं आहे हे तोंडातून काढायला मी तयार नव्हतो. दलाल पुन्हा फिरकला नाही. लातूरहून लेक सांगत होती, खोल्यांचा मालक आता थांबायला तयार नाही. म्हातारीनं लुगडी बोचक्यात बांधून दाराशी ठेवली होती.

अशात एका सोमवारी शेजारचा म्हातारा पाहुणे घेऊनच आला. नवराबायको, मूळचे बिलोलीकडचे, चाकूरला कापडाचं दुकान, भाड्याच्या घरात राहणारे. थोरल्या मुलासाठी स्थळ बघत होते. पाहुण्यानं नारळ आणि सुपारी उपरण्यात बांधून आणलेली. आमच्यात लग्नाचा शब्द झाला की सर्वांसमोर सुपारी फोडतात, मग कुणी मागं फिरत नाही. एवढ्या तयारीनं आलेल्या माणसाला दारातून कसं परत पाठवायचं? मी बसवलं, म्हातारीनं पोहे केले. पाहुण्यांच्या मागं चार माणसं आपसूक ओट्यावर जमली.

पाहुणा मोकळा माणूस. म्हणाला, "आप्पा, खरं सांगतो. रस्त्यानं जातायेता हे घर दिसायचं. ज्याच्या घराचं तोंड असं, त्याच्या घरातली पोरगी कशी असंल? पोरगी मागून बघू, घर तर मला पसंतच हाय."

आतून म्हातारी चौकट धरून बाहेर आली.

"मग घरच न्या की, दादा."

सगळे हसले. ती हसली नाही. "चेष्टा न्हाई. नात शिकायली, तिचं काई काडलं न्हाई. विकायला काडलंय ते घर. ह्यांना सांगायला लाज वाटायली, म्हणून मी सांगते."

शेजारच्या म्हाताऱ्यानं पोह्याची बशी खाली ठेवली. सगळ्या गावाचं तोंड माझ्याकडं. एक क्षण वाटलं, म्हणावं की बाई बरळते. मग तिचे चौकटीला धरलेले हात बघितले. पांढरे पडले होते.

उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, "हाव. विकायचं हाय. बुडालो म्हणून न्हाई. हिला लातूरला न्यायचं हाय म्हणून. कुनाला काई इचारायचं असंल तर आत्ता इचारा, मागून कुजबुज नको."

पाहुणा उठला, चपला घातल्या, सरळ रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. मघाशी सोयरा म्हणून आलेला माणूस, बघता बघता गिऱ्हाईक झाला. परत आला, भिंतीवर बोटं वाजवली, मान तिरपी करून बघितलं.

"आप्पा, ही भित जरा वाकडी हाय का?"

"मघाशी सरळ हुती."

त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. तोही हसला. मी एकच गोष्ट विचारली, पाडून दुकानं काढणार का राहणार? तो म्हणाला, दोन पोरं, दोन सुना येतील, राहायलाच पाहिजे. मग बाकीचं आम्ही आत बसून ठरवलं. बाहेर आलो तेव्हा त्यानं उपरण्याची गाठ सोडली.

"नारळ-सुपारी तर आनलीच हाय. परत काय न्यायची?"

शेजारच्या म्हाताऱ्यानंच ती फोडली. म्हणाला, "मी सांगितलंच हुतं, चुना उगा लागत न्हाई." मी सुपारीचं एक खांड त्याच्या हातावर ठेवलं, एक म्हातारीला दिलं. ती सुपारी खात नाही, दात नाहीत. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली, आत गेली, आणि लेकीला फोन लावून म्हणाली, "त्या मालकाला सांग, आमी यायलोत."