सही करील तो बसेल

व्हियाविसेन्सियोच्या विमानतळावर एलिएसेर बार्रागानला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांचा तो उस्ताद. दोन इंजिनांच्या जुनाट डीसी-थ्री विमानांची दुखणीखुपणी काढण्यात त्याची एकेचाळीस वर्षं गेली. नवखा कुणी धावत यायचा, "उस्ताद, इंजिनातून तेल गळतंय!" की हा म्हणे, "गळतंय ना? म्हणजे आत आहे. थांबलं की मला उठव."

आला तेव्हा एकोणीस वर्षांचा. सुटे भाग पेट्रोलात धुवायचे, हाताची सालं निघायची, तरी गडी खूश! काय दिवस होते हो ते! धावपट्टीवर गाई शिरायच्या आणि वैमानिक स्वतः शिव्या घालत त्यांना हाकलायचे. पलीकडच्या गवताळ मैदानी मुलखातल्या ज्या गावांना रस्ताच नाही तिथं मीठ, सिमेंट, कोंबड्या, बाळंतिणी, सगळं याच विमानांतून जायचं. परवान्याच्या परीक्षेत तो दोनदा आपटला, कारण पुस्तकं इंग्रजीत. मग नव्या नवरीनं, नोहोरानं, मांडीवर शब्दकोश घेऊन वर्षभर त्याच्याकडून घोकून घेतलं. आजही इंग्रजीत त्याला पाणी मागता येत नाही, पण इंजिनाची कुंडली घडाघडा सांगेल.

तिथं एक रिवाज होता, कुठल्याच नियमात न लिहिलेला. दुरुस्तीच्या वहीत सही करील तो मेकॅनिक त्याच विमानात बसेल. सही खोटी असली तर आधी स्वतः मर, दुसऱ्याला कशाला मारतोस? एलिएसेर हजारदा सही करून हजारदा बसला.

पण गेली चार वर्षं त्याचे कान जात होते. ज्या कानांनी तो इंजिनाचं दुखणं ओळखायचा, तेच! त्यानं ब्र काढला नाही. कळलं तर परवाना जाणार, आणि परवान्याशिवाय आपण कोण?

त्या सकाळी उड्डाणाआधी इंजिनं तापवत होते. एलिएसेरनं अंगठा वर केला. बारा वर्षं त्याच्या हाताखाली शिकून परवाना मिळवलेली यास्मिद जवळ आली आणि त्याच्या कानाशी ओरडली, "उस्ताद, डावं अडखळतंय!"

"तुझे कान अडखळतायत! लोणी आहे लोणी."

"बंद करायला सांगा."

कॅप्टन रोन्सान्सिओनं कपाळाला आठ्या घालून इंजिन बंद केलं. एलिएसेर शिडीवर चढला आणि थुंकी लावलेलं बोट एकेका सिलिंडरला टेकवत गेला, चटका बसला की पुढचा. अगदी खालच्या सिलिंडरवर बोट टेकलं ते टेकलेलंच राहिलं. चटकाच नाही. सिलिंडर पेटतच नव्हता, आत तेल उतरून दोन्ही प्लग काळेठिक्कर पडले होते.

त्यानं स्वतःच्या हातानं प्लग बदलले. इंजिन पुन्हा सुरू झालं. यास्मिदनं वही पुढं केली. त्याचे कान गेलेत हे तिनं ओळखलं होतं आणि ती कुणाला सांगणार नव्हती, हे त्याला तिच्या डोळ्यांत दिसलं, आणि तेच त्याला जास्त लागलं. विमानात एक शिक्षिका बसली होती, एक बाई तान्ह्याला पाजत होती.

"कसं वाजतंय?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच सांगा ना, उस्ताद," ती पुन्हा त्याच्या कानाशी ओरडली.

"मला ऐकू येत नाही, पोरी." तो इतक्या मोठ्यानं बोलला की खिडकीतून कॅप्टननं मान बाहेर काढली. "चार वर्षं झाली. सही तू कर."

"अरे देवा! म्हणजे चार वर्षं मी बहिऱ्याच्या भरवशावर उडतोय?" कॅप्टन वरून ओरडला.

"मग मी काय घरी झोपलो होतो? तुझ्यामागंच बसलो होतो ना!"

यास्मिदनं पुन्हा एकदा कान देऊन ऐकलं, सही केली आणि रिवाजाप्रमाणे आत चढली. दार लागलं.

एलिएसेर खालीच राहिला. दुसऱ्यांची विमानं त्यानं रोज पाहिली होती, पण आपण हात लावलेलं विमान उडताना तो नेहमी आतच असायचा. आता ते धावपट्टीवर पळालं, शेपूट उचललं, चाकं सुटली. त्याच्यापुरतं सगळं निःशब्द. त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

"असं दिसतं होय?" तो शेजारच्या हमालाला म्हणाला. "इतकं सुंदर? मला कधी कुणी सांगितलंच नाही रे!"