‘सुखरूप परत’ आलेली बाई

पोलीस सेवेतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. हे एक मात्र मनातून जात नाही.

झरी जामणी तालुक्यातली एक विवाहिता बेपत्ता होती. नवऱ्यानेच ठाण्यात येऊन नोंद केली होती आणि पथक जंगलाकडच्या गावांत शोध घेत होतं. तेव्हा आमच्या कार्यालयात नवा डॅशबोर्ड आला होता. ठाण्यांच्या नोंदी त्यावर येत आणि एआय रोज सकाळी त्यांचा सारांश लिहून देई. भाषा सफाईदार, परिच्छेद लांबलचक. एके दिवशी त्यात वाक्य आलं : ‘बेपत्ता विवाहिता सुखरूप परत.’ वरून आदेश निघाला, पथक दुसऱ्या कामाला लागलं. ठाण्यातून नवऱ्याला आणि तिच्या माहेरीही तसं कळवलं गेलं.

दुपारी त्या बाईची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“साहेब, माही पोरगी आली म्हन्ता, त हाय कोठं? मले दाखवा.”

मी मूळ नोंदी मागवल्या. परत आलेली बाई जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ढाणकीकडची निघाली. नाव तेच, वय आणि गाव वेगळं. यंत्राने दोघींची एक केली होती, आणि कोणतं वाक्य कुठल्या नोंदीवरून घेतलं हे पाहायची सोयच नव्हती.

पथक पुन्हा रवाना केलं. मग लक्षात आलं, आई धावत आली, नवरा आला नाही. त्याला बोलावून घेतलं.

“बायको आली हे तुले कधी समजलं?”

“सकाळीच साहेब. ठाण्यातून फोन आलता.”

“मंग तिले पाह्यले काहून नाही आला?”

आधी म्हणाला, काम होतं. मग म्हणाला, जीप मिळाली नाही. मी आवाज चढवला नाही. “आलेली बाई तुही बायको नाही, हे तुले माहीत होतं ना?”

त्याने पाणी मागितलं आणि तो बोलू लागला. तिच्या नावची जमीन ती लिहून देत नव्हती, म्हणून भावाच्या मदतीने त्याने तिला एका शेतातल्या गुरांच्या कोठ्यात कोंडलं होतं. महिला पोलिसांनी तिला बाहेर काढलं तेव्हा उभं राहायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

सारांशाचं काम पाहणाऱ्या अभियंत्याला मी बोलावलं. मजकूर चार ओळींवर आणा, प्रत्येक ओळीतून मूळ नोंद उघडली पाहिजे, मेळ बसत नसेल तिथे ‘खात्री नाही’ असंच लिहा, असं सांगितलं.

“फार तोकडं दिसेल, सर.”

“दिसू द्या.”

अडखळणाऱ्या साक्षीदाराला आम्ही पुन्हा पुन्हा विचारतो. न अडखळता बोलणाऱ्याला जास्त विचारायला हवं, हे मी या प्रकरणात शिकलो.

बरी झाल्यावर ती बाई फिर्याद द्यायला आली. लिहिलेलं वाचून दाखवताच तिने थांबवलं.

“नवऱ्यानं ढकललं नाही साहेब, त्याच्या भावानं ढकललं. नवऱ्यानं कडी लावली.”

अंमलदाराने दुरुस्ती केली, पुन्हा वाचलं. मग तिने सही केली.