दाबू का?

रामदासपेठेतल्या आमच्या तिकीटवाल्याला एक सवय आहे. नाव, वय, गाडी, सगळं भरून झालं की तो बोट बटणावर अधांतरी धरतो आणि विचारतो, "ताई, दाबू का?"

जुन्या गोव्याचं कॅथेड्रल एकटीनं निवांत बघायचं, हा माझा जुना बेत. दर वेळी तो त्या बोटाखाली मोडतो. कधी मुलाची परीक्षा आठवते, कधी घरातला नळ. तिकीटवाला कुरकुर करत नाही. बोट मागे घेतो, चष्मा पुसतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बसवतो.

या वेळीही मी म्हटलं, "थांबा. मी नसले तर घरी सगळ्यांचे हाल होतील."

"काहून? साहेबांलेच विचारून घेऊ ना." त्यानं माझ्यासमोरच माझ्या नवऱ्याला फोन लावला, तोही स्पीकरवर. "साहेब, ताई चार दिवस गोव्याले गेल्या तर चालते का?"

"चालते ना! आठ दिवस जाऊ द्या."

उत्तर इतकं चटकन आलं, की माझा घरातला हुद्दा मला तिथंच कळला. तिकीटवाला हसला नाही. त्यानं फक्त बोट पुन्हा उचललं.

"परतीची तारीख आठ दिवसांनंतरची टाका," मी म्हटलं. "आणि दाबा."